ताई, तुम्ही दिलेलं ते पुस्तक आणि माझा पहिला कॉम्पोनंट

ताई, नमस्कार.

हे पत्र लिहायचं फार वर्षं राहून गेलं. तुम्ही सांगली सोडलीत, नंतर मीही सोडली, जुना नंबर लागेना, म्हणून शेवटी सगळ्यांसमोरच लिहितोय, आपल्या ओळखीतल्या कुणीतरी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेलच.

2001 साल. मार्केट यार्डातल्या हळदीच्या आडत दुकानांसाठी आपण प्रोग्रॅम करायचो, डेल्फी 5 या प्रोग्रॅमिंगच्या साधनात, विंडोज 98 वर. मी नुकताच डिप्लोमा करून आलेलो, मराठी मीडियमचा. कोड चालतोय ना मग झालं, एवढीच माझी समज. रक्कम टाकायची चौकट प्रत्येक फॉर्मवर लागायची, पट्टीवर म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, हमालीत, तोलाईत, शेतकऱ्याच्या उचलीत, सगळीकडे. आकडे उजवीकडे सरकलेले पाहिजेत, स्वल्पविराम आपल्या लाखाच्या हिशोबाने म्हणजे 1,23,456 असे पाहिजेत, आणि हे सगळं मी एका फॉर्मवर लिहून बाकी फॉर्मवर कॉपी पेस्ट करत गेलो. 43 ठिकाणी.

मग एका आडत्याचा फोन आला की पट्टीची बेरीज काही पैशांनी चुकतेय. मी रकमा डबल या दशांश आकड्यांच्या टाइपमध्ये ठेवल्या होत्या, दशांशातला पैसा त्यात नेमका बसत नाही आणि बेरजा करत गेलं की फरक साचतो. तुम्ही सांगितलंत करन्सी टाइप वापर, तो आतून 64 बिटचा पूर्णांक असतो, दशांशाचे चार आकडे पक्के. मी दोन दिवस बसून सगळीकडे बदललं आणि तरी तीन ठिकाणी राहिलंच. दहा दिवसांनी दुसऱ्या दुकानातून तीच तक्रार. त्या दिवशी मला जाम भीती वाटलेली, कारण हा हिशोब शेतकऱ्याच्या हातात जातो, त्याची पट्टी म्हणजे त्याचं वर्षाचं पीक.

तुम्ही ओरडला नाहीत. ड्रॉवर उघडून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलंत, डेल्फीत स्वतःचे कॉम्पोनंट, म्हणजे एकदा लिहून कुठल्याही फॉर्मवर टाकता येणारे तयार भाग, कसे लिहायचे त्याचं, आणि म्हणालात, "हे वाचत बसू नकोस, टाइप कर. जिथे अडशील तिथे मला हाक मार." आत पानापानावर तुमच्या पेन्सिलीच्या मराठी नोंदी. अ‍ॅन्सेस्टरच्या शेजारी 'पूर्वज', प्रॉपर्टी म्हणजे कॉम्पोनंटचं बाहेरून बदलता येणारं सेटिंग, त्याच्या शेजारी 'बाहेरून दिसतं ते दार, आतली खोली वेगळी'. खरं सांगू का, मी ते पुस्तक त्या नोंदींवरूनच शिकलो, इंग्रजी मागाहून कळायला लागलं.

पहिल्या संध्याकाळी मी डेल्फीच्या टीएडिट या साध्या चौकटीवरून वारसा घेऊन, म्हणजे तिचे सगळे गुण उचलून, माझी चौकट बनवली, फार खूष होतो. तुम्ही प्रॉपर्टींची यादी दाखवणारा ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर उघडून फक्त एवढंच विचारलंत की रकमेच्या चौकटीत अक्षरं लपवणारी पासवर्डचार ही प्रॉपर्टी कशाला दिसतेय, रक्कम कोण लपवणार आहे? मग व्हीसीएलचा, म्हणजे डेल्फीच्या तयार कॉम्पोनंटच्या संचाचा, सोर्स उघडून दाखवलात, त्यात टीएडिटचं स्वतःचं काम जवळजवळ काहीच नाही, सगळं टीकस्टमएडिटमध्ये आहे, टीएडिट नुसती पब्लिश्डची, म्हणजे बाहेर दाखवायच्या प्रॉपर्टींची, यादी. एकदा पब्लिश केलेलं खालच्या क्लासला झाकता येत नाही, म्हणून वारसा घ्यायचा तो कस्टमवरून आणि जेवढं लागतं तेवढंच बाहेर काढायचं. कोणतं दार उघडायचं हे ठरवणं हाच कॉम्पोनंट लिहिण्यातला अर्धा भाग आहे, हे मला त्या अर्ध्या तासात कळलं. आकडे उजवीकडे न्यायला टीएडिटमध्ये तेव्हा सोयच नव्हती, क्रिएटपॅरॅम्स ही मेथड ओव्हरराइड करून, म्हणजे आपल्यापुरती नव्याने लिहून, खिडकीची स्टाइल बदलायची हेही त्याच आठवड्यात शिकलो.

आणि डिफॉल्टची ती गंमत, ती तर मी आजही नव्या पोरांना जशीच्या तशी सांगतो. मी दशांश किती दाखवायचे याची प्रॉपर्टी केली आणि पुढे डिफॉल्ट 2 लिहिलं. फॉर्मवर चौकट टाकली तर 0. बरं म्हटलं, हाताने 2 केलं, सेव्ह केलं, प्रोजेक्ट बंद करून परत उघडला तर पुन्हा 0! मला वाटलं मशीनच बिघडलंय, दोनदा रीस्टार्ट केलं. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, फॉर्मची मांडणी साठवणारी डीएफएम फाइल टेक्स्ट म्हणून उघडलीत आणि म्हणालात शोध, 2 कुठे लिहिलाय. कुठेच नव्हता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की डिफॉल्ट हा शब्द किंमत भरत नाही, तो सेव्ह करणाऱ्याला फक्त सांगतो की किंमत एवढीच असेल तर लिहायची गरज नाही, ती कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे कॉम्पोनंट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये, आपोआप येणार आहे. आणि कन्स्ट्रक्टरमध्ये मी काही भरलंच नव्हतं. एका ओळीचं काम होतं. ती ओळ तुम्ही सहज सांगू शकला असतात, पण तासभर मला शोधू दिलंत, त्याबद्दल सगळ्यात जास्त आभार.

अक्षरी रुपयांचं तर वेगळंच प्रकरण. मराठीत 1 ते 99 पर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा पाठ करावा लागतो, एकोणसत्तर, एकोणऐंशी, नियम लावून भागत नाही, म्हणून पूर्ण तक्ताच करावा लागला, तोही तेव्हाच्या मराठी फॉन्टच्या कोडमध्ये, कारण सगळ्या भाषांच्या अक्षरांचं सामाईक कोडिंग म्हणजे युनिकोड, ते डेल्फीला तेव्हा येत नव्हतं. ते शब्द चौकटीखालच्या लेबलमध्ये दाखवायचे म्हणून मी लेबलची जोडणी प्रॉपर्टीत दिली आणि फॉर्मवरून लेबल डिलीट करून चौकटीला हात लावला की अख्खं डेल्फी अ‍ॅक्सेस व्हायोलेशन देऊन कोसळायचं. लेबल गेलं पण माझ्याकडे त्याचा मेमरीतला पत्ता तसाच राहिला होता. पुस्तकातलं नोटिफिकेशनचं पान तुम्ही आधीच दुमडून ठेवलेलं, बाजूला पेन्सिलीने 'शेजारी घर सोडून गेला तर कळायला हवं ना?' सोबतचा कॉम्पोनंट जात असेल तर आपल्याकडची जोडणी निल म्हणजे रिकामी करायची, आणि तो दुसऱ्या फॉर्मवरचा असेल तर फ्रीनोटिफिकेशनने आधी नाव नोंदवून ठेवायचं. चारपाच ओळी.

पॅकेज कंपाइल होऊन डेल्फीच्या कॉम्पोनंट निवडायच्या पॅलेटवर माझ्या चौकटीचं 24 बाय 24 चं चित्र उमटलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी पेंटमध्ये काढलेलं वेडंवाकडं ₹, म्हणजे तेव्हा ते चिन्हच नव्हतं, नुसतं 'रु' काढलं होतं. तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या मुलाला बोलावलंत, त्याला काही न सांगता म्हणालात हे वापरून हमालीचा फॉर्म कर. मला बोलायची मनाई. त्याने वीस मिनिटांत केला, एकदाही माझा कोड न उघडता. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "आता झाला कॉम्पोनंट. त्याला तुझं तोंड बघावं लागलं असतं तर नसता झाला."

त्याचं मोल मला खरं कळलं ते फार नंतर. डेल्फी 2009 मध्ये युनिकोड आलं आणि पुढे आपला तो सगळा प्रोग्रॅम नव्या व्हर्जनवर न्यायची वेळ आली. मी धास्तावलेलो. पण रकमेच्या चौकटी तोवर दोनशेच्या वर गेल्या होत्या आणि बदलायची होती ती एकच फाइल, तो शब्दांचा तक्ता फॉन्टच्या कोडमधून खऱ्या मराठीत आणायचा. एका दुपारचं काम. संध्याकाळी मी टेबलाशी एकटाच बसून होतो आणि तुम्हाला फोन करावासा वाटला, नंबर नव्हता.

आता मी डेल्फीत काम करत नाही, वेब फ्रंटएंड करतो, शब्द सगळे बदललेत, प्रॉप्स आणि इव्हेंट आणि काय काय. तरी टीममधल्या कुणी नवा कॉम्पोनंट आणला की मी त्याला गप्प बसवतो आणि दुसऱ्या कुणाला तो वापरायला देतो. बघत बसतो.

पुस्तक माझ्याकडेच आहे. राहू दे म्हणाला होतात, म्हणून राहिलं. कव्हर एकदा बदललं, पण नोंदी पुसट व्हायला नकोत म्हणून ती पानं शक्यतो चाळत नाही. सांगलीला कधी आलात तर कळवा ताई, मी घेऊन येतो, आणि तुम्हाला एकदा ती चौकट चालवून दाखवायचीय. जुन्या लॅपटॉपवर अजून उघडते.

तुमचा,
मार्केट यार्डाच्या ऑफिसातला, खिडकीजवळच्या टेबलावरचा मुलगा