लोखंडी फळासाठी जुन्या नळाचा पाइप नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लोखंडाची शोभेची फळे घडवण्याच्या छंदाबद्दल आलेला मजकूर वाचला. शहरातली माणसे हौसेने भाता-ऐरणीकडे वळताहेत हे वाचून बरे वाटले, फोटोही झकास होते. पण घरात पडलेल्या जुन्या नळाच्या तुकड्यापासून सुरुवात करावी, असा जो सल्ला त्यात आहे तो धोक्याचा आहे. कुणी तो मनावर घेण्याआधी हे पत्र छापावे, ही विनंती.

जुन्या इमारतीतून निघालेला पाण्याचा पाइप बहुतेक वेळा जीआय असतो, म्हणजे लोखंडावर आतून-बाहेरून जस्ताचा थर. जस्त 420 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि 907 अंशांना उकळते. फळ घडवायला लोखंड 1100 अंशांच्या पुढे न्यावे लागते. तेव्हा जस्ताची वाफ होणारच. भट्टीतून हिरवट ज्योत आणि पिंजलेल्या कापसासारखा पांढरा धूर दिसला की समजावे. तो धूर श्वासात गेला तरी त्या वेळी फार काही जाणवत नाही. थंडी, ताप, अंगदुखी आणि छातीत जडपणा काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. वर दूध प्यायले की झाले, असे अनेक वर्कशॉपमध्ये सांगतात. दूध पोटात जाते, धूर फुफ्फुसात गेलेला असतो. जस्त कानसून काढू म्हटले तर आतला थर तसाच राहतो. जुन्या खुर्च्यांचा क्रोम केलेला चकचकीत पाइपही मुलाम्याच्या धुरामुळे टाळावा. शिवाय तो इतका पातळ असतो की भट्टीत भोक पडायला वेळ लागत नाही.

दुकानात जाऊन काळा पाइप, म्हणजे जस्त न चढवलेला एमएस (साध्या पोलादाचा) पाइप मागावा. पहिल्या फळाला दीड इंची बी क्लास उत्तम: बाहेरचा व्यास 48.3 मिमी, जाडी 3.2 मिमी. पाइपवरची पिवळी पट्टी ए क्लासची, निळी बी क्लासची आणि लाल सी क्लासची. ही पट्टी फक्त जाडी सांगते. जस्त आहे की नाही ते तिच्यावरून कळत नाही, कारण तीच पट्टी जीआयवरही असते. भंगारात घेताना पाइपच्या तोंडात डोकावून पाहावे. आतून करडी चकाकी किंवा पांढरट भुकटी दिसली तर तो तिथेच ठेवावा.

आता ते पहिले फळ, नासपती. फळाला लागतो 11 सेंटिमीटर पाइप, वजनात साधारण 400 ग्रॅम, पण तुकडा निदान 60 सेंटिमीटरचा घ्यावा. मग दुसरे टोक हातात धरता येते आणि सांडशीशी झगडावे लागत नाही. भट्टी गॅसची असेल तर पाइप धुराड्यासारखा वागतो, आतून तापलेली हवा थेट हाताकडे येते. म्हणून हातातल्या टोकाला ओल्या चिंधीचा बोळा घट्ट बसवावा.

आधी बूड मिटवायचे. टोकाचा 5 सेंटिमीटर भाग पिवळसर नारिंगी होईपर्यंत तापवावा, ऐरणीच्या कडेशी किंचित तिरका धरावा आणि हलक्या हातोड्याने कडेवर बाहेरून आत असे ठोके द्यावेत. एक ठोका, एक अष्टमांश वळसा, पुन्हा ठोका. हात वळवायचा राहिला आणि एकाच जागी दोन-तीन ठोके पडले की तोंड लंबगोल होते. ते तसेच पुढे रेटले तर आत घडी पडते, आणि पडलेली घडी नंतर उलगडत नाही. म्हणून तोंड गोल दिसत नसेल तर आधी ते गोल करावे, मगच पुढचा ठोका. लाली मंदावली की हात थांबवावा. थंडावत्या लोखंडावर ठोकत राहिल्यास पाइपच्या वेल्डच्या रेषेवर चीर जाते. ती रेषा सुरुवातीलाच खडूने खुणावून ठेवली तर प्रत्येक तावाला, म्हणजे दर वेळी तापवताना, तिच्यावर नजर ठेवता येते. तीन-चार तावांत तोंड पेन्सिलीएवढे उरते. त्यापुढे घाई नको. बूड पूर्ण बंद करायचे नाही, 3 मिमीचे भोक ठेवायचे. नासपतीच्या बुडाशी सुकलेल्या फुलाचा खळगा असतोच, भोक त्यात लपते.

ताव जास्त झाला तर भट्टीतच फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात. ते लोखंड जळाले. तेवढा भाग कापून टाकणे एवढाच उपाय, कितीही ठोकले तरी तो सुधारत नाही.

मानेसाठी एक साधे हत्यार लागते. 16 मिमीची सळई मध्ये चपटी करून चिमट्यासारखी वाकवायची, दोन्ही पाय समोरासमोर आले पाहिजेत. बुडापासून 11 सेंटिमीटरवर खूण करून तो भाग तापवावा, चिमट्यात धरावा आणि वरच्या पायावर ठोकत पाइप सतत फिरवत राहावा. गळा आवळत जातो तसा पाइपचा पत्रा जाड होत जातो, त्यामुळे शेवटचे ताव जास्त वेळ खातात. पाच-सहा तावांत गळा 16 मिमीवर येतो. खांदे ऐरणीच्या शिंगावर, म्हणजे तिच्या निमुळत्या टोकावर, हलक्या ठोक्यांनी उतरते करावेत. नवख्याची नासपती हमखास बाटलीसारखी दिसते ती इथेच: गळा नीट आवळलेला असतो, खांदे मात्र चौकोनी राहिलेले असतात. शेवटी गळ्यावर कापून 8 मिमी सळईचा देठ आत सरकवायचा आणि गळा तापवून त्यावर दाबायचा.

बुडाचे ते भोक शोभेसाठी नाही. देठ बसला की ते भोक सोडून फळ चहूकडून बंद होते. आत पाण्याचा थेंब राहिला आणि फळ पुन्हा तापवले, तर थेंबाची वाफ त्याच्या दीड हजारपटींहून जास्त जागा मागते. वाफेला वाट नसली तर फळ फुटते, आणि ते फुटते तेव्हा आपला चेहरा त्याच्यापासून हातभर अंतरावर असते. तापलेला पाइप पाण्यात बुडवणे हाही असाच घात. पाणी आत शिरते आणि उकळती वाफ पाइपमधून वर, हातावर उसळते. गार करायचेच असेल तर बाहेरून डब्याने पाणी ओतावे, नाहीतर कोरड्या वाळूत ठेवून द्यावे. ओल्या कोब्यावर मात्र तापलेले लोखंड टेकवू नये, सिमेंटच्या कपच्या उडतात.

आपल्याकडे आंब्याचा मोह होणारच. कृती हीच, पण मान आवळण्याऐवजी वरचे तोंडही बुडासारखेच मिटवायचे. मग लाकडी ठोकळ्यात खोलगट खळगा कोरून तापलेले फळ त्यात ठेवावे आणि लाकडी हातोड्याने दोन बाजूंनी थोडे चेपावे. तोतापुरी सोपा, कारण चोच वाकवली की तो तोतापुरी वाटतो. हापूसला चोच जवळजवळ नसते, सगळी ओळख देठाजवळच्या खांद्यात असते आणि तो खांदा एका बाजूला किंचित उंच ठेवावा लागतो. सीताफळाच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. डोळे उठवताना पोकळ भिंतीला आतून आधार नसतो, ती खचते.

द्राक्षे मात्र भरीव करावीत. 12 मिमी सळईचे 20 मिमी टोक दाबून गोल केले की जवळपास 16 मिमीचा मणी होतो. हिशेबाने 19 मिमी पुरते, एक मिमी खवल्यांत, म्हणजे तापल्यावर सुटणाऱ्या काळ्या पापुद्र्यांत, जातो. पुरवणीतल्या फोटोतला घड बेअरिंगच्या गोळ्यांचा दिसतो. त्या पोलादात कार्बन साधारण 1 टक्का आणि वर क्रोमियम, त्यामुळे थंड गोळ्यांना वेल्डिंग केले की जोडाशेजारी केसासारख्या चिरा पडतात. पाने 12 मिमीच्या चौकोनी सळईची करावीत, 2 मिमीपर्यंत चपटी. शिरांसाठी छिन्नी बोथट हवी. धारदार असली तर पान चिरते.

शेवटचा हात. फळ तापून लाल असतानाच तारेच्या ब्रशने खवले झाडून काढावेत. लाली जाऊन लोखंड काळे पडले, पण हाताला धग लागते आहे, अशा वेळी पितळी ब्रश जोरात घासला तर पितळेचा पातळ थर चढतो आणि आंब्याच्या गालावर पिवळी झाक येते. आणखी निवल्यावर, 200 अंशांच्या आसपास, मधमाशांचे मेण किंवा जवसाचे तेल फिरवावे. फार गरम असेल तर ते धूर होऊन उडते, फार गार असेल तर चिकट राहते. घरात ठेवायच्या फळाला एवढे पुरते. कोकणात अंगणात टांगायचे असेल तर पुरत नाही, खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज उमटतो. तिथे प्रायमर आणि रंगच हवा. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकावी.

आपले,
लोहारकामाचा छंद असलेले काही वाचक, पुणे