कुमुदला पत्र : मुक्ताच्या भाषाशास्त्राबद्दल

दांडिया बाजार, वडोदरा
१८ नोव्हेंबर

प्रिय कुमुद,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री मुक्ताचा फोन आला. तुझ्याशी बोलणं संपल्यासंपल्या केला असावा, कारण आवाजात भांडण अजून शिल्लक होतं. बी.एस्सी.चं चौथं वर्ष घ्यायचं नाही, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करायचं नाही, भाषाशास्त्रात एम.ए. करायचं, असं तिचं ठरलंय. आणि तिच्या बाबांची, म्हणजे तुझ्या भावाची, वसूची ती शब्दांच्या नोंदींची लाल बांधणीची वही तिनं तुझ्या कपाटातून काढून पहिल्या पानापासून वाचलीय. हे दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून लिहायला बसले. फोनवर आपण दोघी रडत बसतो आणि कामाचं राहून जातं.

माझी तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघे आहेत तसेच.

तुझा पहिला प्रश्न इथपर्यंत ऐकू येतोय : सायन्सच्या मुलीला घेतील का? घेतात, कुमुद. भाषाशास्त्राच्या एम.ए.ला बहुतेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेची पदवी चालते. बी.ए.ला भाषा विषय असण्याची अट सहसा नसते. गुणांची अट कुठे ४५ टक्के, बऱ्याच ठिकाणी ५०, कुठे ५५. मुक्ता त्यात आरामात बसते. उलट प्रयोगशाळेत वाढलेली मुलं या विषयात चांगली निघतात, कारण 'हा नियम खोटा ठरेल असं एक उदाहरण शोध' असं म्हटलं की ती रुसत नाहीत, शोधायला लागतात.

चौथ्या वर्षावरून तुमचं वाजलं, त्यात मी तिच्या बाजूची. चार वर्षांची ऑनर्स पदवी असली तर नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाचं एम.ए. करता येतं हे खरं. पण विषय बदलणाऱ्या मुलीनं तो रस्ता धरू नये. स्वनविज्ञान, स्वनिमविचार, रूपविचार, वाक्यविचार, म्हणजे ध्वनीपासून वाक्यापर्यंतच्या अभ्यासाची पायाभरणी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी होते. तेच वर्ष गाळलं तर पुढचं सगळं अधांतरी. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एम.ए., हेच तिला योग्य.

आता कुठे. आपल्या घरचं म्हणजे इथलं, सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेतला भाषाशास्त्र विभाग. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश २०२४पासून जीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात, नोंदणी ३०० रुपयांची. इंदूरची पदवी असल्यामुळे तिला मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, ते निकालाच्या आठवड्यातच मागायचं. पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, तिथे १९३९पासून भाषाशास्त्राचं काम चाललंय आणि ग्रंथालयासाठी म्हणूनसुद्धा तिथे जावं. मुंबई विद्यापीठाचा विभाग कलिन्याला. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठात आपण बाहेरच्या राज्याचे, आडनाव कितीही मराठी असो, हे लक्षात ठेव. मग दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस आणि हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ. या चौघांसाठी सीयूईटी-पीजी ही एकच सामायिक प्रवेश परीक्षा. अलिगढची वेगळी.

माझी खरी काळजी या परीक्षेपाशी आहे, आणि ती अभ्यासाची नाही. एनटीए ही केंद्राची परीक्षा-संस्था परीक्षा घेते आणि गुण देते, एवढंच. प्रवेश देत नाही. गुण आले की प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी, वेगळं शुल्क, वेगळी मुदत. आपल्या पलीकडच्या गल्लीतल्या नलूच्या भाचीचं मागच्या वर्षी तेच झालं. गुण उत्तम होते, पोरगी बोलावणं येईल म्हणून वाट पाहत बसली. विद्यापीठाचा अर्ज भरायचा असतो हे कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती. एक वर्ष गेलं. मुक्ताचं तसं व्हायला नको, म्हणून हे सगळं तुला लिहितेय. ती हुशार आहे, पण कागदांच्या बाबतीत अगदी वसू आहे.

अलीकडे ही परीक्षा मार्चमध्ये होते आणि अर्ज डिसेंबर-जानेवारीत सुटतात. जास्तीत जास्त चार पेपर निवडता येतात. ज्या ज्या विद्यापीठाला अर्ज करायचा, त्यानं एम.ए.साठी कुठला पेपर धरलाय हे त्याच्या माहितीपत्रकात आधी बघायचं आणि मगच निवडायचं. चुकीचा पेपर दिला तर गुण असूनही उपयोग शून्य. ७५ प्रश्न, ९० मिनिटं, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. चारपैकी एक पर्याय जरी खात्रीनं बाद करता आला तर उत्तर द्यावं, कोरं सोडू नये.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच्या तसं. तिचं आधार आणि दहावी यांत नावाचा क्रम उलटा आहे ना? वसूनं बडोद्याच्या सवयीनं आडनाव आधी लिहिलं होतं आणि तू तेव्हाच त्याच्यावर चिडली होतीस. आधार आत्ताच दुरुस्त करून घे. दुसऱ्या वर्षी तिला एका विषयात एटीकेटी होती, ती सुटल्याची गुणपत्रिका वेगळी काढून ठेव. तिच्या निकालावर सीजीपीए आहे आणि अर्ज टक्के विचारतो, तर सरळ साडेनऊनं गुणायचं नाही. तो हिशोब शाळेच्या बोर्डाचा होता. विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र असतं, ते लेखी घ्यायचं. शेवटच्या सत्राचा निकाल हातात नसताना अर्ज करता येतो, पण निकाल अमुक तारखेपर्यंत देईन अशी हमी द्यावी लागते.

ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाचं, तू उगाच सोडून दिलंस. आठ लाखांच्या मर्यादेत 'कुटुंब' म्हणजे ती, आई-वडील आणि अठराच्या आतली भावंडं. तुझं, म्हणजे आत्याचं, उत्पन्न त्यात येत नाही. वहिनींचं, म्हणजे तिच्या आईचं, फॅमिली पेन्शन येतं, तेवढंच धरायचं. घराच्या आकाराच्या अटीही आहेत, त्या तहसीलमध्ये विचार. दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात हवा आणि प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षाचा हवा, म्हणजे १ एप्रिलनंतर पुन्हा एक फेरी. राज्याच्या नमुन्यातला दाखला केंद्रीय विद्यापीठात चालेल असं गृहीत धरू नकोस.

अभ्यासाकडे वळते. ती व्याख्या पाठ करतेय असं तिच्या बोलण्यावरून वाटलं. 'स्वनिम म्हणजे अर्थभेदक लघुतम एकक', फोनवर घडाघडा म्हणून दाखवलं. साध्या भाषेत, जो बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो तो ध्वनी. मी तिला विचारलं, माझा आणि माझी, दोन्हींत झ एकच का? थांबली. मग हळू म्हणाली, नाही, 'माझा'तला झ दाताजवळचा, 'माझी'तला तालूकडचा. बरोबर. पुढे ई किंवा ए आला की तालव्य होतो. तर हे एकाच स्वनिमाचे दोन अवतार का? हो, म्हणाली. म्हटलं, मग 'जग' आणि 'जग'? एक दुनिया, एक 'शंभर वर्षं जग'मधलं. लिहायला सारखे, पुढचा स्वर सारखा, उच्चार वेगळे, अर्थ वेगळे. म्हणजे ते दोन स्वनिमच झाले, आणि ई-ए पुढे आले की त्यांच्यातला भेद पुसला जातो. पोरगी एवढ्या जोरात ओरडली की रात्रीच्या त्या वेळी तुझ्या घरात कुणी जागं झालं असेल तर क्षमा कर.

प्रवेश परीक्षेत आणि मुलाखतीत हवं असतं ते हेच. अनोळखी भाषेचे दहा-बारा शब्द अर्थांसकट देतात आणि अनेकवचनाचा प्रत्यय काढ म्हणतात, किंवा दोन ध्वनींचं नातं विचारतात. मुलं तिथे दोन कारणांनी पडतात. एक, लिपीवर भरवसा ठेवतात आणि कानानं ऐकत नाहीत. दुसरं, पहिल्या तीन उदाहरणांवर नियम बांधतात आणि उरलेली तपासत नाहीत. आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्र ऑलिंपियाड २००३पासून भरतं, त्याचे जुने प्रश्न फुकट उघडे आहेत. ते शाळेतल्या मुलांसाठी असतात, पण सरावाला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. रोज एक सोडवायचा, उत्तर न बघता, आणि कसा सोडवला ते लिहायचं. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी आत्तापासून हातात बसवायला हवी, आधी फक्त मराठीचे ध्वनी, नंतर हिंदीचे. भारतातली भाषाकुळं, आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा, २०११च्या जनगणनेतल्या दहा हजारांहून जास्त भाषकांच्या १२१ भाषा, ग्रिअर्सनचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण, त्यात मराठीचा सातवा खंड १९०५चा, एवढं वस्तुनिष्ठ प्रश्नांसाठी पुरतं. बुलढाण्याकडची निहाली भाषा कुठल्याच कुळात बसत नाही, हे मात्र तिला आवर्जून सांग. तिला रात्रभर झोप येणार नाही आणि ते चांगलंच.

मुलाखत किंवा उद्देशपत्र जिथे मागतात तिथे 'मला लहानपणापासून भाषांची आवड' हे वाक्य नको. पाच भाषा येणं वेगळं आणि भाषाशास्त्र वेगळं. एक प्रश्न घेऊन जावं, छोटासा, पण आपला. तिच्यासाठी मी एक काढून ठेवलाय. गुजरातीत 'में एने जोई' म्हणतात, 'जोई' हे क्रियापद 'एने'च्या मागच्या बाईप्रमाणे स्त्रीलिंगी होतं. प्रमाण मराठीत 'मी तिला पाहिलं'. 'ला' लागला की क्रियापद नपुंसकलिंगात जातं. मग पिढ्यान्‌पिढ्या रावपुऱ्यात राहिलेल्या मराठी घरांत काय बोलतात? 'मी तिला पाहिली' म्हणतात का, किती जण, कुठल्या वयाचे? तू आणि वसू सूरसागरच्या कठड्यावर बसून भांडायचात ना, तू म्हणायचीस बडोद्याची मराठी बिघडलेली आणि तो म्हणायचा वेगळी. तुझं तेव्हाही मला पटलं नव्हतं, आजही नाही. पण आता तो वाद मोजून मिटवता येईल आणि तो मुक्ता मिटवील.

वसूच्या वहीचा त्यात उपयोग आहे, पण तिला नीट समजाव. वहीत शब्द आहेत, वाक्यं फार थोडी. कोण बोललं, केव्हा, वय किती, हे बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे ती वही पुरावा होत नाही, कुठे शोधायचं ते सांगते. डिसेंबरात ती इकडे आली की चार घरांत जाऊन बोलणं ध्वनिमुद्रित करावं, आधी परवानगी घेऊन. फोनवर मुद्रण वेव्ह फाइलीत करायचं, दाबून लहान केलेल्या फाइलीत ध्वनीचे बारकावे जातात. पंखा बंद, फोन बोलणाऱ्याजवळ. 'तुम्ही असं म्हणता का?' हा प्रश्न कुणालाही विचारायचा नाही, लोक लगेच शाळेतली मराठी बोलायला लागतात. जुन्या लग्नाची, पुराची गोष्ट सांगायला लावायची आणि क्रियापदं आपण टिपायची. प्राट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं, त्यात ध्वनी डोळ्यांनी बघता येतो. तिला ते सूक्ष्मदर्शकासारखं आवडेल.

परदेशाचं तुझ्या जावेनं डोक्यात भरलंय ते या वर्षी बाजूला ठेव. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी पदवीतच भाषाशास्त्राचे ठरावीक क्रेडिट मागतात, ते तिच्याकडे नाहीत, वर कागदपत्रं तपासून देतात ते एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे गुण दोनच वर्षं धरतात, आत्ता दिली तर एम.ए. होईपर्यंत वाया.

आणि 'पुढे काय' हा तुझा प्रश्न. विद्यापीठातल्या जागा कमी आहेत, ते लपवत नाही. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला भाषाशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था आहे, कोशांची कामं आहेत, आणि यंत्रांना भारतीय भाषा शिकवणाऱ्या कंपन्यांना अशी माणसं लागतात. त्यासाठी तिनं एम.ए.बरोबर प्रोग्रॅमिंग शिकायलाच हवं. सरलामावशी म्हणतात तशी ती 'तोतरेपणाची डॉक्टर' मात्र होणार नाही. वाचा-उपचाराचा अभ्यासक्रम वेगळा, त्याची पदवी वेगळी. हे मावशींना एकदा सांग, नाहीतर त्या आत्तापासून पेशंट पाठवतील.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरलं? सुधीरची बदली रद्द झाली का? घराच्या गळतीचं काम पावसाआधी झालं हे बरं झालं. येताना मुक्ताबरोबर शेव पाठव, रतलामी, तिखट.

आता लगेच करायचं ते. तिची दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि आधार यांचे स्वच्छ स्कॅन मला पाठव, मी नावं ताडून बघते. ईमेल आणि मोबाइल तिचा स्वतःचा द्यायचा, सायबर कॅफेवाल्याचा नाही, सगळे ओटीपी तिथेच येतात. आणि तिच्याशी आज बोल. चौथ्या वर्षाचा विषय न काढता, वहीचा काढून. रविवारी अकरानंतर मला दोघी मिळून फोन करा, समोर कागद-पेन घेऊन. विद्यापीठांची यादी आणि प्रत्येकाची मुदत लिहून काढू.

तुझी,
शैला