तुझी गच्ची पाहिजे मला

देवगड, मार्च अखेर

प्रिय मंद्या,

फोनवर सांगितलं असतं पण तू फोनवर नुसतं हो हो करतोस आणि ठेवल्यावर विसरतोस, म्हणून लिहितोय. शेवटी एक मागणं आहे, पण मधलं सोडून थेट तिथे जाऊ नकोस.

दिवाळीत तू तो जुना लॅपटॉप इथे टाकून गेलास ना, त्याला मी एसडीआर डोंगल लावलाय, म्हणजे यूएसबीत खुपसायचा छोटा रेडिओ, बाकी काम लॅपटॉप करतो. मांगराच्या मागच्या दोन माडांमध्ये तांब्याची वायर ताणलीय, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून किलोवर घेतलेली. नारळ पाडायला येतो त्यानेच चढून बांधली, वर जाऊन विचारतो कसा, कपडे इतक्या उंच वाळत घालणार काय. आणि यावर मी काय ऐकतो, तर चीनचं घड्याळ! शीआनजवळ बीपीएम नावाचं स्टेशन आहे, ते १० मेगाहर्ट्झवर रात्रंदिवस टिक टिक करत वेळ सांगतं. अणुघड्याळावर चालतं, त्यामुळे तिथून निघतं तेव्हा १० म्हणजे बरोब्बर १०. माझ्या मांगरात पोचतं तेव्हा मात्र कधी अर्धा हर्ट्झ वर, कधी अर्धा खाली. एक कोटीत अर्धा, म्हणजे बघ.

जानेवारीत एका सकाळी बघतो तर स्क्रीनवरची त्याच्या फ्रिक्वेन्सीची रेष सरळ खाली सरकायची सोडून नागमोडी. वीसेक मिनिटांत एक वळण, मग दुसरं, अकरा वाजेपर्यंत सहा मोजली. मला वाटलं डोंगल तापतोय. पंखा लावला, बंद केला, ओल्या फडक्यावर ठेवला, डोंगलच्या नावाने दोन दिवस शिव्या घातल्या. मग जीपीएसवर लॉक होणारा ऑसिलेटर मागवला, जराही न हलणारी फ्रिक्वेन्सी देतो तो (किंमत विचारू नकोस, आईलाही सांगितलेली नाही) आणि त्याचं सिग्नल मुद्दाम वीस हर्ट्झ बाजूला सोडलं. आता स्क्रीनवर दोन रेषा, एक पट्टीने ओढल्यासारखी आणि शेजारी चीनची, ती डुलतेय. डोंगल बिचारा निर्दोष होता रे, हलत होतं ते आकाश.

म्हणजे काय, तर हे सिग्नल वर आयनोस्फियरला आपटून खाली येतं, अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या अतिनील प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटे झालेला थर असतो तिथे. तो थर खाली येत असला की वाट आखडते आणि फ्रिक्वेन्सी चढते, वर जायला लागला की उतरते, रेल्वेच्या हॉर्नसारखं. रोज सकाळी चढ आणि संध्याकाळी उतार असतोच. पण मधली ही वळणं म्हणजे त्या थरातून लाट चाललेली असते. शंभर ते हजार किलोमीटर लांबीच्या लाटा, सेकंदाला शंभर-तीनशे मीटर वेगाने. याहून मोठ्या पण असतात, सूर्याचं वादळ येतं तेव्हा ध्रुवांकडची हवा तापते आणि तिथून निघतात.

तुला धक्क्यावरचं आठवतं का, ट्रॉलर पार लांबून निघून गेलेला असतो, पाणी पुन्हा शांत, आणि मग कधीतरी धक्क्याला बांधलेली होडी उगाच डुलायला लागते. ट्रॉलर दिसत नाही, होडीच फक्त दिसते. माझी रेष म्हणजे ती होडी. खाली कुठे ढग गडगडत उंच चढले, डोंगरावर वारा आपटला, की हवेत लाट उठते आणि वर वर जाते, आणि वरची हवा विरळ असल्याने जाता जाता फुगत जाते. कॉलिन हाइन्स नावाच्या शास्त्रज्ञाने हे १९६० मध्ये मांडलं. त्याआधी लोकांना लाटा दिसत होत्या, पण त्या हवेच्या आहेत हे नीट कुणी जुळवलं नव्हतं.

टोंगाचा ज्वालामुखी १५ जानेवारी २०२२ ला फुटला तेव्हा माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, याची अजून चुटपुट लागते. त्याच्या दाबाची लाट सेकंदाला साधारण ३१० मीटरने जगभर फिरली, आणि गंमत बघ, जपानच्या वरच्या आयनोस्फियरमध्ये ती पोचायच्या आधीच लाटा दिसल्या! ऑस्ट्रेलियावर जे झालं ते पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून सरळ उत्तरेला जपानवर उमटलं. मी हे वाचून रात्री दोनला आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "ती रेष बघून पॉट भरतला काय?"

घरात मात्र हे जमत नव्हतं, शेजाऱ्यांनी अंगणात स्वस्तातले एलईडी लावलेत, ते पेटले की सगळं खरखर. म्हणून तर मांगरात आलो. कुलाब्याच्या वेधशाळेचं तेच झालं होतं, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय मोजमापं अलिबागला न्यावी लागली, १९०४ मध्ये. त्यांना ट्रामने पळवलं, मला बल्बने.

सध्या सूर्यास्तानंतर रेषेचा पार चुरगाळा होतो, विस्कटून जाड पट्टा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या पट्ट्यात वर प्लाझ्माचे बुडबुडे होतात, म्हणजे त्या थरात इलेक्ट्रॉन कमी असलेल्या पोकळ्या, ते. ही लाट नव्हे, सुरुवातीला मी तीच समजून दोन पानं नोंदी केल्या होत्या, फाडल्या.

आता मागणं. एका जागेवरून लाट आली एवढंच कळतं, कुठून आली, किती वेगात, काही नाही. शिवाय ती माझ्या डोक्यावर नसतेच. चीन इथून चार हजार किलोमीटर, सिग्नल बहुतेक दोन उड्या मारत येतं, म्हणजे अलीकडच्या उडीत ते वर आपटतं मध्य भारतावर कुठेतरी आणि पलीकडच्या उडीत तिबेटच्या पूर्वेला, आणि मला दिसते ती तिथली लाट. तू पुण्यात तसंच ऐकलंस तर तुझी अलीकडची आपटायची जागा माझ्या जागेपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर सरकलेली असेल, आणि तेच वळण तुझ्याकडे दहा-वीस मिनिटं आधी नाहीतर नंतर दिसेल. त्यावरून हिशोब लागतो. दोन जागांनी अर्धाच लागतो, तीन पाहिजेत, म्हणून नागपूरच्या ताईंना पण पटवतोय, त्यांच्या मुलाला असल्या खटपटी आवडतात.

गच्चीवर वीस मीटर वायर, बस्स. सोसायटीवाले कुरकुर करतील, त्यांना एक डझन दे आणि वाळत घालायची तार आहे म्हणून सांग. पेटी सोमवारच्या गाडीने पाठवतोय. उघडताना जपून, तळाला पेंढ्याखाली डोंगल आणि वायरचं वेटोळं आहे, आणि वरचे आंबे अजून चार दिवस काढू नकोस.

तुझा,
बाळ्या