बर्फवाल्याची गोष्ट

नागपूर, २८ मे

प्रिय सुध्या,

नवतपा लागलाय. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कूलरपुढे बसून लिहितोय, कारण तू फोन उचलत नाहीस. "रसाचा धंदा बुडाला, विषय संपला," असं म्हणालास म्हणे. वहिनींनी सांगितलं.

काहून बे, असा कसा संपला?

परवा फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या एका माणसाबद्दल वाचलं. हिवाळ्यात तळ्यांवर गोठलेला बर्फ कापायचा आणि उष्ण मुलखात नेऊन विकायचा, हे याच्या डोक्यात शिरलेलं. लोक हसले. १८०६ साली, बाविसाव्या वर्षी, त्यानं जहाजभर बर्फ कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर नेला. गंमत म्हणजे बर्फ बऱ्यापैकी शाबूत पोचला! वितळला तो तिथं उतरल्यावर. बेटावर तो ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचं करायचं काय हे लोकांना ठाऊक नव्हतं. चारेक हजार डॉलर बुडाले. पुढे कर्जापायी तुरुंगही पाहिला.

माझं डोकं इथंच अडकलं. मालात खोट नव्हतीच, तो ठेवायची सोय नव्हती. १८१६ साली हवानात त्यानं नीट बर्फघर उभारलं. १८३३ साली त्याचा १८० टन बर्फ घेऊन 'टस्कनी' नावाचं जहाज चार महिन्यांनी कलकत्त्याला लागलं. वाटेत बराच वितळला, तरी शंभरेक टन उरला आणि साहेब लोकांनी हातोहात उचलला. (त्याला संतबिंत समजू नकोस. कॉफीच्या सट्ट्यात हाच गडी पुन्हा गळ्यापर्यंत बुडाला. ते कर्ज फेडता फेडता म्हातारा झाला, आणि फेडलं ते बर्फाच्याच पैशातून.)

आता तुझं. धंतोलीत गाडीवर संत्री समोर पिळून द्यायचास, तेव्हा ग्लास पुरत नव्हते. बुडालास तो रस बाटल्यांत भरून विकण्यात. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो, हे तुझ्या आजीलाही ठाऊक होतं. आणि बाटल्यांचं खूळ कुणाचं? माझं. "गाडीवर किती दिवस उभा राहशील," असं मीच म्हणालो होतो. तू एकदाही ते माझ्या तोंडावर मारलं नाहीस, म्हणून जास्त बोचतं.

रविवारी येतो. हिशेबाची वही काढून ठेव. गाडीचं पान वेगळं मांडू, बाटल्यांचं वेगळं. तोवर रसाचं मशीन कुणाला देऊ नकोस.

तुझा,
बाळ्या