दुसऱ्या रुळाआधी वेळापत्रक मांडा

महोदय,

एकेरी मार्गावरच्या, म्हणजे दोन्ही दिशांना एकच रूळ असलेल्या मार्गावरच्या, उपनगरी गाड्यांचा विषय निघाला की 'दुहेरीकरण करा' एवढेच ऐकू येते. माझी नोकरी एकेरी मार्गावर स्टेशन मास्तर म्हणून झाली. दुहेरीकरणाला माझा विरोध नाही, पण आधी वेळापत्रक मांडा. दुसरा रूळ कुठे हवा, ते त्यातूनच कळते.

दोन्हीकडून दर १५ मिनिटांनी गाडी सोडली, तर प्रत्येक गाडीला दर साडेसात मिनिटांनी समोरची गाडी भेटणारच. ती भेट जिथे पडेल तिथे लूप, म्हणजे एका गाडीला बाजूला घ्यायची जोडलाइन, हवा. दोन क्रॉसिंगमधल्या (गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जागांमधल्या) धावेला ४ मिनिटे आणि गाडी आत आल्यावर सांधे बदलून उलट दिशेचा सिग्नल द्यायला १ मिनिट धरा. जाऊन-येऊन १० मिनिटे झाली, म्हणजे तासाला प्रत्येक दिशेने सहाच गाड्या. सातवी बसत नाही, मग स्टेशनांत कितीही लाइनी टाका. सगळ्यात जास्त वेळ खाणारा सेक्शनच, म्हणजे दोन क्रॉसिंगमधला पट्टाच, मर्यादा ठरवतो.

जपानमधली एनोदेन ही रेल्वे पाहा. फुजिसावा ते कामाकुरा १० किलोमीटर, १५ स्टेशने, मार्ग एकेरी. मिनेगाहाराला तर स्टेशनच नाही, ती जागा फक्त क्रॉसिंगसाठी. दर १२ मिनिटांनी सुटणारी गाडी २०२३ मध्ये १४ मिनिटांवर नेली. मला हे पटते. दाराशी गर्दीने दोन मिनिटे खाल्ली की समोरची गाडी लाल सिग्नलला अडकते, ती पुढे तिसरीला अडकवते. माझ्या नोकरीत अशा अडकलेल्या गाड्यांतले, काही चूक नसलेले प्रवासी जाब विचारायला माझ्याच खिडकीशी येत, आणि त्यांचा राग रास्त असे.

म्हणून पहिला पैसा लूप लांब करण्यावर खर्चा. दोन-तीन किलोमीटरचा लूप असला तर गाड्या न थांबता एकमेकींना ओलांडतात आणि थोडाफार उशीर तिथेच जिरतो. डबे वाढवणार असाल तर वाढलेली गाडी लूपमध्ये मावते का, तेही आधी मोजा.

आणि उशीर भरून काढायला नियम वाकवू नका. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी जर्मनीत बाड आयब्लिंगजवळ एकेरी मार्गावर दोन प्रवासी गाड्या समोरासमोर धडकून १२ जण गेले. नियंत्रकाने चुकून लाल सिग्नल ओलांडू देणारा विशेष सिग्नल देऊन गाडी पुढे सोडली होती.

नव्या मार्गाचा आराखडा जाहीर करताना क्रॉसिंगच्या जागा आणि सर्वांत लांब सेक्शनची धाव किती मिनिटांची, हे प्रवाशांना सांगावे, एवढी मागणी आहे.

– एक निवृत्त स्टेशन मास्तर