दोन आवर्तनं रिकामी आहेत

केरी, फोंडा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपलं बोलणं पाऊस, आंबे आणि काकींचे गुडघे यापुढे जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

रविवारी देवळाच्या अग्रशाळेत पडदा बांधून तो माहितीपट दाखवला. शेजारच्यांची लिस्बनला असलेली मुलगी 2020च्या टाळेबंदीत देशोदेशींच्या वादकांकडून तुकडे गोळा करत होती ना, तोच. आपल्या वाड्यावरची सगळी माणसं आली होती. तुझी खुर्ची मी शेजारी धरून ठेवली होती, उगाचच.

पडद्यावर आम्ही तिघं तीन चौकटींत वाजवताना दिसतो. लिस्बनची एक बाई पोर्तुगीज गिटारवर, मोझांबिकमधल्या मापुतोचे एक म्हातारे गृहस्थ तिंबिलावर आणि देवघरात पेटी घेऊन मी. बघणाऱ्याला वाटतं, सगळे एकाच वेळी बसले असतील. तसं नव्हतं रे. पहिल्या रात्री आम्ही तसा प्रयत्न केला होता. आमच्याकडे एक वाजला होता, लिस्बनला साडेआठ. चार मात्रांत सगळं विस्कटलं. मुलीने नंतर समजावलं ते मला अगदी पटलं. साधारण तीस मिलिसेकंदांच्या पुढे उशीर झाला की वादकांची लय सुटायला लागते. म्हणजे तुझा तबला माझ्यापासून दहा मीटर लांब, सभामंडपाच्या पलीकडच्या टोकाला ठेवल्यासारखं. इथून लिस्बन आठ हजार किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसतं एका बाजूने पोचायलाच चाळीस मिलिसेकंद, आणि तार काही सरळ रेषेत जात नाही. जगातलं कुठलंही यंत्र हे अंतर खाऊ शकत नाही.

मग एकाने वाजवायचं, पुढच्याने ते कानात घेऊन त्यावर आपलं वाजवायचं, असं ठरलं. सुरुवात माझ्यापासून. कानात नुसती टिकटिक, समोर ना गवई ना तू. दत्ता, तीस वर्षं मी तुझ्या डाव्या खांद्याकडे बघून समेवर येतोय. तो खांदा नसताना पेटीवर बोटं ठेवायची म्हणजे काय ते त्या रात्री कळलं.

खोलीत आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, दारं लावली. पण आषाढ होता. कौलांवरच्या पावसाला कोण अडवणार? सगळ्या रेकॉर्डिंगमागे तो आहेच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. माझी पेटी आजोबांची, तुला ठाऊक आहे. ती 440वर, म्हणजे सगळीकडे धरतात त्या प्रमाण स्वरावर नाही, जरा चढी आहे. पेटीचे स्वर असे एका रात्रीत उतरवता येत नाहीत, मी मुलीला म्हटलं, माझं राहू दे, दुसरा कोणी बघा. आठवड्याने लिस्बनहून गिटारीचा तुकडा आला आणि तो माझ्या पेटीशी तंतोतंत जुळलेला. कसा जुळला, ते मी रविवारी पहिल्यांदा पाहिलं. त्या बाई स्वयंपाकघरात बसल्या आहेत, कानात माझा षड्ज, आणि त्या गिटारीच्या माथ्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या खुंट्या एकेक करून फिरवताहेत. बारा तारा. एक लावतात, ऐकतात, मान हलवतात, परत उतरवतात. कॅमेरा त्यांच्या बोटांवरून हलत नाही. अग्रशाळेत कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या घशाशी आवंढा आला. मला न भेटलेल्या बाईने माझ्या आजोबांच्या पेटीसाठी सगळं वाद्य नव्याने लावलं होतं.

मापुतोच्या बाबांची अडचण आणखी वेगळी. तिंबिला म्हणजे लाकडी पट्ट्यांखाली दुधीसारख्या वाळक्या फळांचे तुंबे बांधलेलं वाद्य. त्यात सप्तकाचे सात स्वर जवळजवळ सारख्या अंतरावर असतात. आपली धून भैरवी! तिथे कोमल रिषभ आणायचा कुठून? त्यांनी माझी धून दिवसच्या दिवस ऐकली म्हणे, आणि शेवटी आपल्या एवढ्या पट्ट्यांतल्या फक्त तीन निवडल्या, ज्या आमच्याशी भांडत नव्हत्या. त्या तिघींवर त्यांनी जे वाजवलंय ना, ते ऐक. मला तरी ह्या चित्रपटातलं सगळ्यात थोर वादन तेच वाटतं. एकत्र वाजवणं म्हणजे काय, ते मला त्या तीन पट्ट्यांनी दाखवलं.

मध्येच आपल्या गावचं दर्शन आहे. आपल्या गायिका केसरबाई केरकरांच्या नावाची शाळा, पावसात भिजलेलं फाटक. अण्णा आपल्याला सांगायचे ते आठवलं. केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. 5 सप्टेंबर 1977ला व्हॉयेजर-1 उडालं आणि अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. अण्णा हे सांगताना तबल्यावरचा हात काढून घ्यायचे. भैरवीच हवी असा मी मुलीकडे आग्रह धरला तो अण्णांमुळेच.

मी पेटी रेकॉर्ड केली त्याच महिन्यात अण्णा गेले. तू सीमेवर तपासणीत अडकलास, वेळेत पोचला नाहीस. अग्नी मी दिला. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू तबल्यावर खोळ घातलीस, ती अजून आहे, वहिनींनी सांगितलं मला.

तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. पेटी वाजवताना मधे दादऱ्याची दोन आवर्तनं मी तुझ्यासाठी मोकळी सोडली होती. बारा मात्रा. मुलीला म्हटलं होतं, इथे दत्ता येईल. तिने वाट पाहिली. मग तिने तिथे दुसरं कोणी भरलं नाही, गिटारही थांबवली, तिंबिलाही. चित्रपटात त्या बारा मात्रांत फक्त आपल्या कौलांवरचा पाऊस आहे. लोकांना वाटलं, मुद्दामच केलंय.

मूळ ट्रॅक माझ्याकडे आहे. आज तुला पाठवतोय, मोबाईलवर आला असेल. अण्णांचा तो ठेका, किनारीवर हलका, बायाँ जवळजवळ न बोलणारा, तूच वाजवू शकतोस. घाई नाही. पेटी चढी आहे, तेवढा दायाँ चढव. पाऊस मी पुसलेला नाही.

तुझा,
रघू