मन्या, लोनचे ते जुने कागद फेकू नकोस

लेस्टर, १४ एप्रिल २०१९

मन्या,

परवा फोनवर, लोनबरोबर विकलेल्या पीपीआयचे (म्हणजे हप्त्यांच्या विम्याचे) पैसे परत मागायचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालास ना, "अरे ती कंपनीच राहिली नाही, आता मागायचं कुणाकडे", ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू ऐकतच नाहीस, मधेच वर्ल्ड कपच्या तिकिटांवर जातोस.

माझंही सेम झालेलं. २००६ मध्ये गाडीसाठी साडेसात हजार पौंडांचं लोन घेतलं तेव्हा तिथल्या बाईने ते पीपीआय अशा काही सफाईने गळ्यात मारलं की मला वाटलं हे घेतल्याशिवाय लोन पासच होत नाही. मी तेव्हा स्वतःच्या नावावर कॉन्ट्रॅक्टची कामं करायचो, नोकरी गेली तर हप्ते भरू हे कलम माझ्या काय कामाचं? वर अख्खा प्रीमियम एकरकमी लोनमध्येच घातलेला, म्हणजे विम्याच्या पैशावरही मी पाच वर्षं व्याज भरत होतो आणि मला पत्ता नाही.

पुढे त्या कंपनीला एका बँकेने विकत घेतलं, आणि माझं उरलेलं लोन भलत्याच वसुलीवाल्यांना विकलं गेलं. मी शहाण्यासारखं शेवटचे हप्ते ज्यांना भरले त्यांनाच पत्र टाकलं. उत्तर आलं, पॉलिसी आम्ही विकलेली नाही. जाम चिडलो, पण खरं सांगू, बरोबर होतं त्यांचं. त्यांनी फक्त येणं विकत घेतलेलं. विमा ज्याने गळ्यात मारला जबाबदारी साधारण त्याची, आणि ती आख्खी कंपनीच कुणी घेतली असेल तर बहुतेक वेळा त्या नव्या मालकाची. तुझं अॅबी बँकेचं होतं ना? ते कधीच सँटँडर झालंय, मग सरळ सँटँडरला लिही की. नाव बदललं म्हणजे कंपनी मेली असं नसतं रे.

मला शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. बँका आणि विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या एफसीएच्या वेबसाइटवर या कंपन्यांचं रजिस्टर आहे, तिथे जुनं नाव टाकलं की आता कोण ते बऱ्याचदा कळतं. अकाउंट नंबर नसला तरी अडत नाही, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि तेव्हाचे पत्ते दिले की त्यांना शोधावं लागतं. तू तर चार वर्षांत पाच घरं बदलली होतीस, त्यामुळे आधी वहिनींना विचार, त्यांच्याकडे नक्की सगळं लिहिलेलं असेल. क्रेडिट रिपोर्टवर भरवसा ठेवू नकोस, त्यात साधारण सहा वर्षांचंच दिसतं.

तक्रार गेली की आठ आठवडे थांबायचं. नाही म्हणाले किंवा गप्प बसले तर ऑम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या त्रयस्थाकडे, तिथे आपल्याला फी नाही, पण नकाराचं शेवटचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. विकणाराच बुडाला असेल आणि पॉलिसी १४ जानेवारी २००५ नंतरची असेल तर बुडालेल्या कंपन्यांच्या ग्राहकांना भरपाई देणारा एफएससीएस म्हणून फंड आहे, तिथे विचारायचं. आणि हे फसवून विकलंच नाही असं ते म्हणाले तरी कमिशन किती खाल्लं ते विचार, सुप्रीम कोर्टातल्या २०१४ च्या प्लेव्हिन केसच्या निकालानंतर निम्म्याहून जास्त कमिशन लपवलं असेल तर त्याचेही पैसे मागता येतात.

आणि हो, ते पैसे मिळवून देतो म्हणून सारखे फोन करणारे क्लेमवाले, त्यांना काही देऊ नकोस. मिळालेल्या पैशातले वीस टक्के अधिक व्हॅट त्यांना कशाला, तीच पत्रं आपल्याला लिहिता येतात.

मला प्रीमियम, त्यावरचं व्याज आणि वर आठ टक्क्यांनी साधं व्याज मिळालं. त्या आठ टक्क्यांच्या भागावर टॅक्स कापून घेतात, त्यातला थोडा आर फॉर्टी फॉर्म भरून परत मागता येतो, ते नंतर सांगतो.

तक्रार करायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ आहे. टीव्हीवर त्या जाहिरातीत श्वार्झनेगरचं मुंडकं ओरडतं ना, तेच. तू म्हणशील अजून चार महिने आहेत, मला माहितीये तू कसा आहेस. म्हणून या रविवारी माळ्यावरचा तो निळा खोका काढ आणि जे काही सापडेल त्याचे फोटो मला टाक, पहिलं पत्र मीच लिहून देतो.

तुझा,
बंड्या